वाचकांचे प्रश्न : सोन्याच्या मुलाम्याची फ्रेंच शामदानं

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये घडलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या शाखादार शामदानांबद्दल (मेणबत्त्या लावायची ही साधनं, ज्यांना कँडेलाब्रा म्हणतात) आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

‘ऑर्मोलू’ म्हणजे नक्की काय? ते सोनं, पितळ की ब्राँझ? आणि हा मुलामा देत कसा? (पुणे)

आतला धातू तांब्याच्या मिश्रणाचा, वर सोन्याचा पातळ थर. फ्रेंच लोक याला ‘ब्राँझ दोरे’ म्हणतात. ‘ऑर्मोलू’ हा इंग्रजांनी रूढ केलेला शब्द ‘ऑर मूल्यू’वरून, म्हणजे ‘दळलेलं सोनं’ यावरून आला. नावात ब्राँझ असलं तरी धातू पितळेच्या जवळचा असतो. दार्से या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली या कलेवर निबंध लिहिला. त्याने सुचवलेलं मिश्रण असं: तांबं ८२ भाग, जस्त १८, कथील ३, शिसं दीड. हे मिश्रण सहज वितळतं, साच्याच्या कोनाकोपऱ्यात जातं, छिन्नीखाली तुटत नाही आणि सोनंही बेताचं घेतं. नुसतं तांबं सोनं फार पितं.

एक शामदान एका हातचं नसे. ओतारी वेगळा, कातीव काम करणारा वेगळा, मुलामा देणारा वेगळा. बैठक, खांब, प्रत्येक शाखा, मेणबत्तीची नळी, मेण झेलणारी बशी हे सगळे भाग बहुधा वाळूच्या साच्यात सुटे ओतत आणि शेवटी पेचांनी जोडत. साच्यातून आलेला भाग खरबरीत आणि बोथट असतो. त्याला रूप देतो तो कातीव काम करणारा. शाखेवरचं एखादं अकँथसचं पान (ग्रीक नक्षीतलं कातरलेल्या कडांचं पान) भिंगाखाली धरून बघा. मधली शीर छिन्नीने कोरलेली, कड कानशीने उचललेली, आणि पानाच्या पोटात बोथट ठशाने मारलेले इतके बारीक ठिपके की उघड्या डोळ्यांना नुसती मखमल दिसावी. फुलदार शामदानात अशी पन्नास-साठ पानं असली तर प्रत्येकावर हे काम स्वतंत्र होतं. आमच्या मते या वस्तूची खरी किंमत इथे आहे, वजनात नाही आणि सोन्यातही नाही.

आता मुलामा. भाग मंद लाल होईपर्यंत तापवून त्याचं तेल-चरबी जाळत. मग पातळ आम्लात बुडवून वरची काळी साय काढत, धुऊन भुशात कोरडा करत. दुसरीकडे सोन्याचा पातळ पत्रा कातरून मुशीत लाल करायचा, त्यात सोन्याच्या आठपट पारा घालून लोखंडी सळईने ढवळायचं. सोनं पाऱ्यात विरघळतं. ते पाण्यात ओतून, धुऊन, मऊ चामड्यात पिळलं की जादा पारा बाहेर पडतो आणि लोण्यासारखा लगदा उरतो. पितळी तारांचा ब्रश नायट्रिक आम्लात पारा विरघळवून केलेल्या पाण्यात बुडवायचा, मग लगद्यावर दाबायचा आणि त्याने तो भाग सारवायचा. या वेळी तो चांदीसारखा पांढरा दिसतो. नंतर निखाऱ्यावर. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. तापत असताना भाग मधूनमधून बाहेर काढून, जाड हातमोज्यात धरून, लांब केसांच्या ब्रशने थोपटत राहायचा, नाहीतर लगदा ओघळून एका जागी साचतो. पारा उडाला की फिकं, निस्तेज पिवळं सोनं मागे राहतं. मग पुन्हा ब्रश, पुन्हा लगदा, पुन्हा आच. चांगल्या कामात हे अनेकदा होई.

तरीही काम संपत नसे. काही जागा चकचकीत आणि काही मॅट ठेवायच्या असत. चकचकीत ठेवायच्या जागांवर खडू, साखर आणि डिंक यांचा लेप देऊन त्या झाकत. उरलेल्या भागावर सोरा ४० भाग, मीठ ३५, तुरटी २५ असं वितळवलेलं मिश्रण चढवून तापवत आणि एकदम गार पाण्यात बुडवत. कवच गळून पडे. तापताना त्या क्षारांतून निघालेला क्लोरीन सोन्याचा पृष्ठभाग किंचित खाई, त्यामुळे उजेड परतवण्याऐवजी पसरवणारी मऊ कांती येई. झाकलेल्या जागा हेमॅटाइटच्या गुळगुळीत दगडाने घोटून झिलई आणत. ही मॅट कांती परिपूर्ण करण्याचं श्रेय पिएर गुथिएर (१७३२–१८१३) याला दिलं जातं. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात मॅट आणि चकचकीत यांचा शेजार काय करतो, ते विजेच्या दिव्याखाली कळत नाही. शक्य झालं तर एकदा तरी खोली अंधारी करून बघा.

या सौंदर्यासाठी कारागिरांनी फार मोठी किंमत मोजली. पाऱ्याच्या वाफेने हात थरथरत, हिरड्या सुजत, दात पडत. ब्राँझकार राव्रिओ १८१४ मध्ये वारला, तेव्हा त्याने मुलामा देणाऱ्यांना या विषापासून वाचवणारा उपाय शोधणाऱ्यासाठी ३,००० फ्रँकचं बक्षीस मृत्युपत्रात ठेवलं होतं. ते दार्सेला मिळालं. त्याचा उपाय साधा होता: धुराड्यात एक वेगळी छोटी भट्टी पेटवून ओढ निर्माण करायची, म्हणजे वाफ कारागिराच्या तोंडाकडे न येता वर जाते.

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर एक जोडी पाहिली. पाऱ्याचा मुलामा आहे, विजेचा आहे की नुसती वार्निश, हे दुकानात उभं राहून कसं ओळखायचं? (मुंबई)

सोबत एक भिंग, एक छोटी टॉर्च आणि मोजपट्टी न्या. चुंबकाचा इथे उपयोग नाही, तो पितळ, ब्राँझ आणि जस्त यांपैकी कशालाच चिकटत नाही. फक्त मधली सळई लोखंडी असेल तर तेवढी धरतो.

आधी वस्तू उलटी करा. पाऱ्याच्या मुलाम्यात सोनं हाताने सारवलेलं असतं, त्यामुळे न दिसणाऱ्या बाजूला ते बहुधा नसतं, किंवा कडेवरून आत ओघळलेलं, ब्रशच्या फटकाऱ्यांसारखं अर्धवट दिसतं. मागची बाजू वाळूच्या साच्याची खरबरीत आणि तपकिरी असते. विजेच्या मुलाम्यात सगळा भाग द्रावणात बुडतो, म्हणून आतून-बाहेरून एकसारखा पिवळा रंग येतो. विजेने मुलामा देण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतलं, फ्रान्समध्ये क्रिस्तोफ्लने १८४२ मध्ये हक्क विकत घेतले. म्हणजे मुळातच विजेचा मुलामा दिलेलं शामदान ‘सोळाव्या लुईच्या काळातलं’ असूच शकत नाही. मात्र अठराव्या शतकातल्या वस्तूवर पुढे कोणी विजेने पुन्हा मुलामा चढवलेला असू शकतो. अशा वेळी कातीव काम उत्तम आणि सोनं मात्र सपाट, एकसुरी, अशी विसंगती दिसते.

मग नक्षी बघा. जुन्या वस्तूवरूनच साचा काढून केलेल्या नकलेत ठिपके भरलेले आणि शिरा बोथट असतात. शिवाय हा धातू थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ वस्तूपेक्षा लहान भरते. ५० सेंटिमीटर उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक. संग्रहालयातल्या नमुन्याची मापं मिळत असतील तर मोजपट्टी इथे कामाला येते.

तिसरी गोष्ट जस्ताची. एकोणिसाव्या शतकात जस्ताच्या स्वस्त मिश्रणात ओतलेली शामदानं भरपूर निघाली. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा: ब्राँझ नाद देतं, जस्त ठक्क वाजतं. मुलामा झिजलेल्या जागी ब्राँझ तपकिरी-पिवळं दिसतं, जस्त राखाडी. जस्ताची तुटलेली शाखा चिरमुऱ्यासारख्या दाणेदार कडेवरून ओळखू येते.

सोनेरी वार्निश असेल तर झिजण्याची तऱ्हा वेगळी. सोनं उंचवट्यांवर हळूहळू विरळ होतं, वार्निश ठिगळांनी उडतं आणि त्या ठिगळात धातू काळवंडतो. अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायचा द्रव) लावून खात्री करायचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नका. वार्निश मूळची असेल तर ती तिथल्या तिथे जाते, आणि मूळच्या वार्निशलाही मोल आहे.

शेवटची खात्री क्ष-किरणांच्या तपासणीतून होते. सोन्याच्या हॉलमार्किंग केंद्रांत दागिना न खरवडता तपासणारं यंत्र असतं. त्याच्या मापनात पारा समाविष्ट आहे का, ते आधी विचारा. सोन्याखाली पाऱ्याचा अंश सापडला तर मुलामा बहुधा पाऱ्याचा.

जोडी म्हणून विकत असतील तर दोन्ही शेजारी ठेवा. शामदानावर मानवाकृती असतील तर खऱ्या जोडीत त्या बहुधा एकमेकींकडे वळलेल्या असतात, कारण शेकोटीवरच्या फळीवर दोहोंच्या मध्ये घड्याळ आणि मागे आरसा असे. दोन्ही एकाच दिशेला बघत असतील तर दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक असण्याची शक्यता धरून किंमत करा.

घरातलं शामदान काळपट दिसत होतं म्हणून चिंच आणि पितळ घासायच्या पावडरीने घासलं. काही ठिकाणी पिवळं सोनं जाऊन लालसर धातू दिसतो. आता काय? आणि नळ्यांतलं जुनं मेण कसं काढावं? (नाशिक)

गेलेलं सोनं परत येत नाही. हे आधी सांगतो, कारण ‘परत चकाकेल’ म्हणून आणखी घासण्याचा मोह इथेच होतो. सोन्याचा हा थर काही मायक्रॉनचा असतो, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. पितळेची समई घासली की दर वेळी नवं पितळ वर येतं, म्हणून ती उजळते. इथे वरचा थर गेला की खाली सोनं नाही. सोनं स्वतः काळं पडत नाही. काळपट दिसत होता तो धूर, मेण आणि धूळ यांचा थर, किंवा सोन्याच्या बारीक छिद्रांतून वर आलेला खालच्या तांब्याचा कळंक.

आत्ता करायचं ते एवढंच: पावडर आणि आम्ल नक्षीच्या खाचांतून पूर्ण काढणं. एक लिटर कोमट डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत घालतात ते चालेल), त्यात सौम्य, रंग-वास नसलेला द्रव साबण ५ मिलीलिटर. बकरीच्या केसांचा मऊ ब्रश ओला करून, लहान लहान भाग घेत, न दाबता फिरवा. टूथब्रश नको, त्याची टोकं मॅट भागावर चकचकीत रेघा ओढतात. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसून काढा, जुन्या धुवट मलमलीने टिपा आणि केस वाळवायच्या यंत्राची मंद हवा पेचांच्या जागी द्या. अख्खं शामदान पाण्यात बुडवू नका. खांबात लोखंडी सळई असेल तर आत राहिलेल्या पाण्याने ती गंजते, फुगते आणि खांबाला तडा देते. बैठक संगमरवरी असेल तर गंजाचा डाग दगडात उतरतो आणि तो निघत नाही.

उघड्या पडलेल्या जागांवर बाजारातला सोनेरी रंग लावू नका. तो पितळेच्या चुऱ्याचा असतो, काही वर्षांत तपकिरी-हिरवा होतो आणि काढताना शेजारचं सोनंही सोबत नेतो. पुन्हा मुलामा चढवून घेणंही नको. त्यासाठी उरलेलं जुनं सोनं आणि त्याची मॅट कांती घालवावी लागते. शिवाय द्रावण पोकळीत अडकतं आणि पुढे तिथूनच हिरवे डाग फुटतात. जाणकार संवर्धक अशा जागी अभ्रकाची सोनेरी पूड पॅरालॉइड बी-७२ या अ‍ॅक्रिलिक राळेत मिसळून लावतात. ती नंतर अ‍ॅसिटोनने काढता येते. नजरेला खटकत नसेल तर तीही गरज नाही.

मेणासाठी सुरी आणि सुई दोन्ही बाजूला ठेवा. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, आजचं पॅराफिन त्याहून थोडं कमी. केस वाळवायच्या यंत्राने नळी कोमट करा, मऊ झालेलं मेण बांबूच्या काडीने उचला, राहिलेला तेलकटपणा कापसाच्या काडीवर व्हाइट स्पिरिट (तेलरंग पातळ करायचा द्रव) घेऊन पुसा, खिडकी उघडी ठेवून. ज्योत किंवा गॅस कधीच नाही. पाऱ्याच्या मुलाम्यात पाऱ्याचा अंश अजूनही असतो, आणि तापवल्यावर तो वाफेने बाहेर येतो.

अमोनियाबद्दलही विचारलं आहे. जुन्या पुस्तकांत अमोनियाच्या पाण्याने धुण्याची कृती सापडते. ती टाळा. ताण असलेल्या पितळेला अमोनिया आतून चिरतो. हा दोष ओळखला गेला तो आपल्याकडेच: ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवली की तडकत. कारण होतं घोड्यांच्या मुतातला अमोनिया.

घर समुद्राजवळ आहे. पावसाळ्यानंतर शामदानावर हिरवे ठिपके येतात. (रत्नागिरी)

ठिपका कोणत्या प्रकारचा ते बघा. गडद हिरवा, मेणचट, नखाने सरकणारा असेल तर तो मेणातल्या किंवा पॉलिशमधल्या चरबीशी तांब्याचा संयोग होऊन झालेला असतो. व्हाइट स्पिरिटने निघतो. फिका हिरवा, पिठासारखा, पुसला तरी महिन्याभरात त्याच जागी परत येणारा असेल तर खारट हवेतले क्लोराइड आत शिरले आहेत. सोनं आणि तांबं शेजारी असताना ओलसर मिठात तांबं लवकर झिजतं, म्हणून छिद्र जिथे आहे नेमकं तिथेच पीठ उगवतं. हे घरी बरं होत नाही. वस्तू कोरडी ठेवा आणि धातूच्या संवर्धकाला दाखवा.

साठवताना आर्द्रता ५५ टक्क्यांच्या खाली हवी. छोटा आर्द्रतामापक घ्या, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीत रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की वाळवून परत घाला. गुंडाळायला बिनस्टार्चची, धुतलेली मलमल. लोकर, रबर आणि वर्तमानपत्र नको. पहिल्या दोहोंतून गंधकाची संयुगं निघतात, तिसऱ्यात आम्ल असतं. नव्या प्लायवुडच्या कपाटातूनही आम्लाची वाफ येते. देवघराशेजारचा कोनाडाही टाळलेला बरा, समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर मिळून जो चिकट थर बसतो त्यावर धूळ सिमेंटसारखी धरते.

एक शाखा डगमगते. सोनाराकडून डाख लावून घेऊ का? (नागपूर)

नको. कथलाच्या डाखात सोनं चटकन विरघळतं आणि जोडाभोवती राखाडी कडं उमटतं, ते कायमचं. चांदीच्या डाखाला ६०० अंशांच्या वर आच लागते, त्यात मॅट कांती जाते आणि पारा उडतो.

डगमगण्याचं कारण बहुतेक वेळा तुटणं नसून सैल पेच असतो. शामदान जाड टॉवेलवर आडवं ठेवा आणि बैठकीच्या खालची चाकी (नट) हाताने पाव फेरा आवळा. तेवढ्यावर थांबा. अडकलेली असेल तर हलक्या तेलाचा एक थेंब देऊन रात्रभर ठेवा. पक्कड लावायचीच झाली तर मध्ये चामडं घ्या. शाखा काढाव्या लागल्या तर प्रत्येक शाखेच्या मुळाशी आणि तिच्या खोबणीशी कानशीच्या खाचा, ठिपके किंवा रोमन आकडे शोधा. हे आटे हाताने पाडलेले असतात, त्यामुळे दोन खाचांची शाखा दोन खाचांच्याच खोबणीत नीट बसते. अदलाबदल करून आवळली की आटे मरतात, आणि बहुतेक डगमगणाऱ्या शामदानांचा इतिहास हाच असतो. उचलताना शाखेला धरू नका; एक हात बैठकीखाली, एक खांबाला.

विजेचे दिवे बसवावेत की मेणबत्त्याच लावाव्यात? (बडोदा)

नळीला किंवा खांबाला छिद्र पाडायचं नाही, एवढी एक अट पाळा. बॅटरीवरच्या एलईडी मेणबत्त्या नळीत नुसत्या उभ्या राहतात. आधीच वायरिंग केलेलं असेल तर तारा बदलून घ्या आणि धातूच्या अंगाला अर्थिंग आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्या. जुन्या कामात ते बहुधा नसतं.

मेणबत्ती लावणार असाल तर पंखा बंद. वाऱ्याने ज्योत वाकली की मेण बशीत न पडता शाखेवरून ओघळतं. वात ५-६ मिलीमीटरपर्यंत कातरा आणि नळीच्या वर ४-५ सेंटिमीटर उरली की विझवा, म्हणजे नळी तापत नाही. बशीत काचेची पातळ चकती ठेवली तर साफसफाईच वाचते.

वडिलोपार्जित शामदानावर मुकुट घातलेला ‘सी’ आहे. हे कारागिराचं नाव का? दुसऱ्या एकावर बार्बेदिएन अशी सही आहे. भारतातलं शामदान इकडे आणता येईल का? (न्यू जर्सी)

मुकुटाचा ‘सी’ हा कराचा शिक्का आहे. १७४५ ते १७४९ या चार वर्षांत फ्रान्समध्ये तांब्याच्या मिश्रधातूंच्या वस्तूंवर कर होता; भरला की हा दोन-तीन मिलीमीटरचा शिक्का मारत. त्या काळात पुन्हा विकल्या गेलेल्या जुन्या वस्तूंवरही तो पडे. म्हणून खरा शिक्का असलेली वस्तू १७४९ च्या आधीची, नंतरची नाही. तुमच्या शामदानाची घडण सरळ खांब, पुष्पहार आणि स्फिंक्सची, म्हणजे नेपोलियनच्या काळातली असेल, तर शिक्का नंतर मारलेला किंवा जुन्यावरून साच्यात उतरलेला आहे. साच्यात उतरलेल्या शिक्क्याच्या कडा गोलसर असतात, ठोकलेल्याच्या तीक्ष्ण.

अठराव्या शतकातल्या बहुतेक ब्राँझवर सही नसते, फर्निचर घडवणाऱ्यांसारखी सक्ती ब्राँझकारांवर नव्हती. त्यामुळे सही नसणं हा दोष मानू नका. फर्दिनां बार्बेदिएन (१८१०–१८९२) मात्र एकोणिसाव्या शतकातला. मूळ शिल्पाची यंत्राने हव्या त्या प्रमाणात लहान प्रत काढण्याची रीत शोधणाऱ्या आशिल कोलासबरोबर त्याने १८३८ मध्ये कारखाना काढला. त्याच्या उत्तम कामाला स्वतःचा दर्जा आहे. ते ‘नकली जुनं’ नव्हे. त्याच शतकातल्या ब्यूर्दले घराण्याच्या कामावर ‘बीवाय’ हा ठसा भागांच्या मागे सापडतो.

भारतातून बाहेर नेण्याबद्दल: १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची, किमान शंभर वर्षांची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. वस्तू पुरावशेष आहे की नाही, याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग देतो. चारही बाजूंचे, बैठकीखालचे आणि शिक्क्याचे फोटो जोडून आधी तिथे अर्ज करा, पॅकिंगवाल्याला नंतर बोलवा.